बिघडलेल्या घडीची ओळख

रोग म्हटला की काहीतरी परके शरीरात शिरले, अशी कल्पना माणसाच्या मनात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. कोणी त्याला बाधा म्हटले, कोणी विष म्हटले, आणि गेल्या दीडशे वर्षांत आपण त्याला जंतू म्हणू लागलो. परंतु रोगांचा एक असा वर्ग आहे की, ज्यात शत्रू बाहेरून येत नाही. शरीराने स्वतःच घडवलेले, स्वतःच्याच कामासाठी योजलेले प्रथिन वेडेवाकडे दुमडले जाते, त्याचे धागे एकमेकांना चिकटतात, आणि ही रास हृदयात, मूत्रपिंडात किंवा मेंदूत साचत जाते. या राशीला अमिलॉइड असे नाव आहे. आपलेच असूनही परके झालेले हे द्रव्य ओळखावे कसे, हा प्रश्न वैद्यकाला पावणेदोनशे वर्षे छळीत आला आहे. त्याचे उत्तर अखेर सापडले ते प्रतिपिंडांत, म्हणजे रक्तातील त्या रक्षक द्रव्यांत, ज्यांचे कामच मुळी आपले आणि परके यांचा निवाडा करण्याचे आहे.

हा प्रश्न किती नाजूक आहे हे समजण्यासाठी एक परिचित उदाहरण घेता येईल. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीने १९८२ साली तेथे काम सुरू केले. तेथील शंभर किलो दगडात तांबे असते ते जेमतेम एक किलोच्या आसपास. बाकी सारी गारगोटी आणि खडक. दगड दळून त्याचे पीठ करतात, पाण्यात कालवतात, आणि केवळ तांब्याच्या खनिजालाच चिकटेल असे रसायन त्यात घालतात. मग खालून हवेचे बुडबुडे सोडले की खनिजाचे कण फेसाबरोबर वर येतात आणि गारगोटी तळाशी राहते. येथे निवड सोपी होते, कारण तांब्याचे खनिज आणि गारगोटी हे मुळातच दोन भिन्न पदार्थ आहेत. पण समजा, दोन्ही कण एकाच पदार्थाचे असते आणि भेद केवळ त्यांच्या घडणीत असता, तर कोणते रसायन निवडावे? अमिलॉइडच्या अभ्यासकांपुढे नेमका हाच पेच उभा होता.

या द्रव्याचे नावच मुळी एका गैरसमजातून पडले. १८५४ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने मेंदूतील काही बारीक कणांवर आयोडीन टाकून पाहिले. पिठावर आयोडीन टाकले असता जसा निळसर रंग येतो, तसा रंग त्यास दिसला. त्यावरून हे द्रव्य पिष्टासारखे असावे असे अनुमान त्याने बांधले, आणि पिष्टवाचक लॅटिन शब्दावरून अमिलॉइड हे नाव योजले. पाच वर्षांतच, १८५९ साली, फ्रीडरिख आणि केकुले या दोघांनी अशा साठ्याचे रासायनिक पृथक्करण केले. हे पिष्ट नसून प्रथिनाच्या जातीचे द्रव्य आहे, असे त्यांना आढळले. तोवर नाव मात्र रूढ होऊन गेले होते, आणि ते आजतागायत तसेच राहिले.

त्या काळी हा विकार दिसे तो बहुधा दीर्घ काळ कुजत राहिलेल्या दुखण्याच्या अखेरीस. क्षय, हाडांतील पू, महारोग अशा वर्षानुवर्षे न हटणाऱ्या दाहात यकृत एक विशिष्ट प्रथिन भरमसाट प्रमाणात रक्तात सोडते. त्याचे तुकडे पडतात आणि मूत्रपिंडात व प्लीहेत साचतात. हिंदुस्थानात या प्रकारच्या अमिलॉइडचे मुख्य कारण क्षय हेच दीर्घ काळ राहिले. जेथे दगडाची धूळ फुप्फुसात जाते तेथे क्षयाचा धोका वाढतो, हे जगभर सिद्ध झालेले आहे. म्हणून खाणींच्या कोणत्याही मुलुखात हा विषय केवळ पुस्तकी म्हणता येणार नाही. क्षयाचे औषध वेळेवर आणि पुरते घेणे हाच या अमिलॉइडवरील सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त उपाय आहे.

अमिलॉइड ओळखण्याचे पहिले खात्रीचे साधन वैद्यकाला मिळाले ते कापडाच्या गिरण्यांकडून. १८८३ साली पॉल बोटिगर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक लाल रंग बनवला. सुती कापडाला तो तुरटीसारख्या कोणत्याही जोडद्रव्याविना थेट चढे. त्याच सुमारास बर्लिन येथे आफ्रिकेच्या वाटणीची परिषद भरली होती आणि काँगो हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. व्यापाऱ्यांनी रंगाचे नाव ठेवले ‘काँगो रेड’. १९२२ साली बेन्होल्ड याला आढळून आले की, हा रंग अमिलॉइडलाही घट्ट धरतो. १९२७ साली बेल्जियममधील दिव्री याने रंगवलेला छेद ध्रुवित प्रकाशात धरला, तेव्हा लाल रंगातून कच्च्या सफरचंदासारखी हिरवी झाक उमटली. इस्पितळांच्या प्रयोगशाळांत अमिलॉइडची परीक्षा आजही याच रंगाने करतात.

दिव्रीने पाहिलेला तो छेद वृद्ध माणसाच्या मेंदूचा होता, आणि येथे कथेला दुसरे वळण लागते. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात एक्कावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली होती. स्वतःचे नाव लिहायला सांगितले तरी ते तिला पुरते लिहिता येईना. १९०६ साली ती वारल्यावर डॉ. आलोइस आल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या आत त्यांना गुंतलेले तंतू दिसले आणि पेशींच्या बाहेर कोणत्या तरी द्रव्याचे लहान लहान ठिपके दिसले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निवेदन केले, पण श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकारास आल्झायमरचे नाव दिले. ते ठिपके अमिलॉइडचे आहेत, हे दिव्रीच्या काँगो रेडने दाखवून दिले.

हे द्रव्य बनते कसे हे कळण्यास प्रथिनांच्या घडीचे शास्त्र जन्माला यावे लागले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ होय. परंतु माळ सरळ पसरलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही. ती विशिष्ट रीतीने दुमडली गेली पाहिजे. नऊवारी लुगड्याचे वस्त्र तेच असले तरी निऱ्या आणि काचा नीट बसल्याविना ते नेसले जात नाही, तसेच हे आहे. घडी कशी पडावी याची आज्ञा माळेतील क्रमातच असते, असे ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी सिद्ध केले आणि त्याबद्दल १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आज्ञा असली तरी घडी दर वेळी बिनचूक पडतेच असे नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅस्टबरी यांनी १९३५ साली उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ताणून क्ष-किरणांखाली धरला होता. तेव्हा प्रथिनांच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या रचल्या गेलेल्या त्यांना दिसल्या. पुढे १९५९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अमिलॉइडचे धागे प्रथमच दाखवले, आणि १९६८ साली त्या धाग्यांतही हीच शिडीची रचना आढळली. कितीतरी निरनिराळी प्रथिने, पण बिघडल्यावर सर्वांची घडण एकसारखी! या विषयातील हा मोठा बोध होता.

अमेरिकेतील जॉर्ज ग्लेनर यांच्या वाट्याला या इतिहासातील दोन ठळक शोध आले. १९७१ साली त्यांनी दाखवून दिले की, एका प्रकारच्या अमिलॉइडमधील प्रथिन हा प्रतिपिंडाचाच एक तुकडा असतो. ज्या द्रव्याने शरीराचे रक्षण करावे, तेच बिघडून हृदय व मूत्रपिंड जायबंदी करते. १९८४ साली त्यांनी वाँग यांच्यासह आल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूवरील रक्तवाहिन्यांतून बीटा-अमिलॉइड हे प्रथिन वेगळे काढले. नियतीचा खेळ असा की, १९९५ साली ग्लेनर यांचा मृत्यू झाला तोही हृदयात साचलेल्या अमिलॉइडनेच.

आता प्रतिपिंडांच्या बाजूची हकीकत पाहू. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की, घटसर्प किंवा धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य निर्माण होते. या विद्येशी महाराष्ट्राचा परिचय तेव्हापासूनचाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. सर्पविषावरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून काढण्याचे काम या संस्थेने पुढे केले, आणि कोकणातील व घाटावरील कितीतरी शेतकऱ्यांचे प्राण त्याने वाचवले. याच विद्येत अमिलॉइडची गाठ पुन्हा एकदा पडते. वर्षानुवर्षे विष टोचून प्रतिविषासाठी पाळलेल्या घोड्यांच्या यकृतात अमिलॉइड साचते, असा अनुभव जगात अनेक ठिकाणी आलेला आहे. प्रतिपिंडे देणारा प्राणीच या रोगाचा बळी ठरावा, यातील विरोध अभ्यासकांच्या नजरेतून सुटला नाही.

घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे अनेक प्रकारांचे मिश्रण असते. एकाच लक्ष्यावर जाणारे, एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिज येथे शोधून काढली. त्यानंतर अमिलॉइडला ओळखणारे प्रतिपिंड शोधण्याचे दार उघडले.

तथापि मूळचा पेच कायम होता. निरोगी माणसाच्या शरीरातही बीटा-अमिलॉइड हे प्रथिन सुटे फिरतच असते. प्रतिपिंड माळेतील क्रम पाहून चिकटणारे असेल, तर ते चांगल्या घडीच्या आणि वाईट घडीच्या अशा दोन्ही रेणूंना सारखेच धरील. मग चोर आणि साव यांच्यात भेद तो काय राहिला? २००२ साली अमेरिकेत ओ’नुआलन आणि वेट्झेल यांनी अशी प्रतिपिंडे सिद्ध केली की, ती सुट्या प्रथिनाकडे दुर्लक्ष करीत आणि धागा दिसताच त्याला चिकटत. आणि तो धागा कोणत्या प्रथिनाचा आहे याची त्यांना पर्वा नसे. पुढच्याच वर्षी, २००३ साली, केयद आणि ग्लेब यांनी धागा बनण्यापूर्वीच्या लहान पुंजक्यांना ओळखणारे प्रतिपिंड प्रसिद्ध केले. पूर्ण विणलेल्या धाग्यांपेक्षा हे अर्धवट पुंजकेच पेशींना अधिक घातक असावेत, या मताला त्यामुळे बळ मिळाले. प्रतिपिंड आता नाव विचारीत नव्हते, तर चेहरा पाहून ओळखत होते.

या साधनाचा उपयोग मुंबईतही झाला आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्ये डॉ. समीर माजी आणि त्यांचे सहकारी प्रथिनांच्या घडीवर दीर्घ काळ संशोधन करीत आले आहेत. माजी यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ साली दाखवले की, मस्तकातील पीयूषिका ग्रंथी आपली संप्रेरके अमिलॉइडसारख्या रचनेत साठवून ठेवते आणि गरज पडेल तशी मोकळी करते. अर्थात ही घडण सर्वस्वी दुष्ट नाही. निसर्गाने कोठे कोठे तिचा कोठारासारखा उपयोगही करून घेतला आहे. पुढे २०१७ साली पवईच्या गटाने कर्करोगाच्या गाठींतील पी-५३ या प्रथिनाची तपासणी केली. पेशीला बेबंद वाढण्यापासून रोखणारे हे प्रथिन काही गाठींत अमिलॉइडरूपात गोठलेले असते, आणि म्हणून निकामी होते, असे त्यांनी दाखवले. हे ओळखण्यास त्यांनी अमिलॉइडची घडण ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचेच साह्य घेतले. कंपवाताशी संबंधित असलेले प्रथिन आधी तेलाच्या थेंबासारखे एकत्र येते आणि मग त्या थेंबातच घट्ट होत जाते, हे त्यांचे २०२० सालचे निरीक्षण होय.

ओळख पटली, आता उपचार. १९९९ साली डेल शेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्झायमरसारखा विकार होणाऱ्या उंदरांना बीटा-अमिलॉइडचीच लस टोचली. कोवळ्या उंदरांच्या मेंदूत ठिपके पडलेच नाहीत, आणि वयस्क उंदरांत ते घटले. सर्वत्र आशेची लाट उसळली. परंतु माणसांवरील प्रयोगात लस घेतलेल्या सुमारे तीनशे जणांपैकी अठरा जणांच्या मेंदूस दाह झाला, आणि २००२ साली प्रयोग थांबवावा लागला. त्याहून गंभीर बोध २००८ साली मिळाला. लस घेतलेल्या काही रोग्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा ठिपके जवळजवळ नाहीसे झालेले दिसले, पण त्यांची स्मृती मात्र अखेरपर्यंत ढासळतच गेली होती. घर जळून गेल्यावर विझवलेल्या आगीचा काय उपयोग?

त्यानंतर तयार प्रतिपिंडे शिरेतून देण्याचा मार्ग आला. २०१२ साली बापिन्युझुमॅब आणि २०१६ साली सोलानेझुमॅब या दोन औषधांचे मोठे प्रयोग अपयशी ठरले. यांपैकी दुसरे औषध मुख्यतः सुट्या प्रथिनालाच धरणारे होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०२१ साली अमेरिकेत अ‍ॅड्युकानुमॅबला परवानगी मिळाली, परंतु त्याच्या गुणाविषयी वाद इतका माजला की २०२४ साली कंपनीने ते मागे घेण्याचे जाहीर केले. या अपयशांच्या रांगेतून स्वीडनचे लार्स लानफेल्ट यांचे काम पुढे आले. उत्तर स्वीडनमधील एका कुटुंबात आनुवंशिक दोषामुळे मध्यम आकाराचे अमिलॉइड पुंजके विशेष प्रमाणात बनत, असे त्यांना आढळले. त्या पुंजक्यांनाच धरणारे लेकानेमॅब हे प्रतिपिंड त्यातून निघाले. १७९५ रोग्यांवर अठरा महिने चाललेल्या प्रयोगात रोगाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. १८ गुणांच्या मापनश्रेणीवर हा फरक ०.४५ इतका भरतो. २०२३ साली अमेरिकेत त्यास पूर्ण मान्यता मिळाली, आणि २०२४ साली डोनानेमॅब हे दुसरे औषध आले.

हे आकडे डोळसपणे वाचले पाहिजेत. रोग थांबला असा त्यांचा अर्थ नाही. उतारावरील गाडी थोडी सावकाश जाऊ लागली, एवढाच आहे. लेकानेमॅब घेणाऱ्या दर आठांपैकी सुमारे एकाच्या मेंदूस सूज आल्याचे छायाचित्रणात दिसले. बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, पण काहींच्या बाबतीत ती गंभीर ठरली. औषध द्यायचे ते रोगाच्या अगदी आरंभी, आणि आरंभ ओळखण्यास विशेष चाचण्या, वारंवार मेंदूचे चित्रण व दर पंधरवड्यास इस्पितळाची खेप लागते. मलाजखंडसारख्या गावच्या कुटुंबाला यासाठी गोंदिया, नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागेल, आणि खर्चाचा विचार तर वेगळाच.

मेंदूपेक्षा हृदयाच्या बाबतीत चित्र काहीसे आशादायक दिसते. ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचे अमिलॉइड वृद्धांच्या हृदयात साचते आणि हृदय ताठर होते. हा साठा एकदा बसला की सुटत नाही, अशीच समजूत होती. २०२३ साली लंडनच्या डॉक्टरांनी ६८, ७६ आणि ८२ वर्षांच्या तीन पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयांतील साठा आपोआप विरघळून हृदये जवळपास पूर्ववत झाली होती. त्यांच्या रक्तात त्याच अमिलॉइडला ओळखणारी प्रतिपिंडे आढळली. इतर ३५० रोग्यांत ती आढळली नाहीत. जे औषध प्रयोगशाळेत बनवण्याची खटपट चालली आहे, ते तिघांच्या शरीराने स्वतःच घडवले होते.

आपल्या समाजापुढील प्रश्न मात्र औषधाच्याही आधीचा आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरतो की, विसराळूपणा हा रोग असू शकतो ही कल्पनाच घरोघरी पोचलेली नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत २४ हजारांहून अधिक नागरिकांची तपासणी केली होती. पासष्टीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के निघाले. प्रमाण थोडे वाटले, तरी दर चाळीस वृद्धांमागे एक घर त्यात गुंतलेले असते. आणि आयुर्मान वाढत आहे तशी ही घरे वाढणार आहेत. अशा घरात आई मुलाला ओळखीत नाही, वडील चालत्या गाडीतून उतरू पाहतात, आणि सून किंवा मुलगी रात्र रात्र जागते. तिच्या श्रमाला आपण म्हातारचळ सांभाळणे म्हणतो आणि विषय सोडून देतो.

अमिलॉइडचा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. फिरखोने त्याला पिष्ट समजले, आल्झायमरच्या श्रोत्यांनी त्याकडे लक्षच दिले नाही, आणि लसीच्या पहिल्या प्रयोगाने ते पुसून टाकले तरी रोगी वाचले नाहीत. प्रत्येक वेळी उणीव होती ती नेमकी आणि वेळेवर ओळख पटण्याची. प्रतिपिंडांनी घडीतला बिघाड ओळखण्याची कला शास्त्रज्ञांच्या हाती दिली आहे. घरातल्या वृद्धाच्या वागण्यात पडलेला फरक वेळेवर ओळखणे, त्याला हसण्यावारी न नेता वैद्याकडे नेणे, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा भार वाटून घेणे, हे काम मात्र कोणत्याही प्रयोगशाळेचे नव्हे. ते घरच्या आणि शेजारच्या माणसांचेच आहे.